वत्सलाबाईंचे उपास

धुळ्यात एप्रिल महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा दिवसांत लोकरीचा स्वेटर घालून शाळेत येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या वत्सलाबाई. आमच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मी तिथे गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. मागून बघितलं तर आठवीतली मुलगी वाटायची, पुढून बघितलं तर पन्नाशीची बाई. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात मी त्यांना मागून दरडावलं, "ए मुली, घंटा झाली ना? वर्ग कुठला तुझा?" त्या वळल्या आणि माझी वाचा बसली. त्या मात्र हसल्या, तोंडावर पदर धरून. पदर का, ते पुढे कळलं. समोरचे दात झिजले होते, हिरड्या सोडत चालले होते.

स्वेटरचं विचारलं तर म्हणायच्या, "मला पंखा सोसत नाही." स्टाफरूममधल्या लाकडी खुर्चीवर त्या गोधडीची घडी घालून मगच बसायच्या. विज्ञानाचे पवारसर त्यांना छेडायचे, "बाई, ही गोधडी तुमच्यासाठी की खुर्चीसाठी? तुमची हाडं टोचतात म्हणून खुर्चीनं तक्रार केली का?" सगळे हसायचे. वत्सलाबाईसुद्धा हसायच्या, आणि हसता हसता डबे उघडायच्या.

कारण डबे त्याच आणायच्या. आम्हा सगळ्यांसाठी. डुबुकवडे, भरली वांगी, शेवभाजी, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी. मी नशिराबादची. भरिताच्या बाबतीत धुळेकरांनी मला काही शिकवू नये अशी माझी समजूत होती. त्यांचं भरीत खाल्ल्यावर मी गप्प बसले. आणि हे सगळं त्या न चाखता करायच्या. समोर बसून आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. "मिरची झोंबली का? दाणा दाताखाली येतो ना? गरम असतं तर तेल वर आलं असतं, नाही का?" कोणी इतक्या मायेनं बघितलं की आधी बरं वाटतं. मग हळूहळू लक्षात येतं की ही बाई आपला घास आपल्याबरोबर चावते आहे. त्यानंतर तो घास तोंडात नुसता फिरत राहतो.

"तुम्ही घ्या ना," म्हटलं की उत्तर तयार. आज सोमवार. आज चतुर्थी. आज प्रदोष. पवारसर म्हणायचे, "वत्सलाबाईंच्या आठवड्यात वार सात आणि उपास नऊ."

आमचे उपास म्हणजे खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच. त्यांचा उपास कोरडा. उपास नसेल त्या दिवशी काय खात असतील ते मी कधी पाहिलं नाही.

शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. चढताना त्या कठडा धरून मधेच थांबायच्या. ओठ निळसर व्हायचे. त्यांच्या मागून येत असले की मी खालच्या पायरीवर वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसायचे. पट्ट्याला काही झालेलं नसायचं. त्या पडल्याच तर धरायला कोणी हवं, एवढंच माझ्या मनात असायचं. त्या वर पोचल्या, वर्गातून "नमस्ते बाई" ऐकू आलं, की मी सरळ व्हायचे.

शाळेत आधी टी.बी.ची कुजबुज होती. त्यांचा पाण्याचा पेला कोणी तरी वेगळा ठेवला होता. तपासण्या झाल्या, छातीचा फोटो निघाला, काही सापडलं नाही. डॉक्टरांनी शक्तीचं औषध लिहून दिलं. मग लोकांनी दुसरं कारण शोधलं, आणि ते टी.बी.पेक्षा भयंकर निघालं. बाई पुण्यवान आहेत, असं ते कारण.

हे मला कळलं ते एका नवरात्रात. त्या माझ्याच घरामागच्या गल्लीत आईबरोबर राहायच्या. आईला सगळे जिजी म्हणायचे. घर मूळचं साक्रीकडचं, त्यामुळे जिजी अहिराणीच बोलायच्या. मी गेले तर दारात चपलांचा ढीग. आत वत्सलाबाई पाटावर बसलेल्या, स्वेटरवर शाल, आणि गल्लीतल्या बायका नारळ ठेवून त्यांच्या पाया पडत होत्या. कोणी आपल्या लग्नाच्या मुलीला पुढे ढकलत होती, "पड, पाया पड." वत्सलाबाई मुलींच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. त्या हाताची नखं निळी होती.

जिजी मला म्हणाल्या, "आमनी वच्छी देवनी शे. चौदा वरीसनी व्हती तवयपाईन अशीच. बठ्ठी गल्ली तिना पाया पडस."

त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

त्या घरात एक रीत होती. जेवायला बसलं की आधी ताटातून गोग्रास काढायचा. गोग्रास म्हणजे कुठल्याही घरात चतकोर भाकरी. वत्सलाबाईंच्या ताटातून गोग्रास काढून झाला की मागे चतकोर उरायची. गाय ठरल्या वेळी दारात येऊन उभी राहायची. तिची पाठ तेल लावल्यासारखी चकाकायची.

त्यांनी स्वतःबद्दल मला एकदाच सांगितलं. माझ्या ब्लाउजचं माप घेत होत्या, तोंडात टाचण्या होत्या. मी म्हटलं, "माझं माप दर वर्षी वाढतंच." त्या टाचण्यांमधूनच बोलायला लागल्या.

"मी तेरा-चौदाची असेन. आखाजीला मामाच्या गावी होते. कडुलिंबाला झोका बांधलेला. मी बसायला गेले तर मामेबहीण म्हणाली, 'उतर वं माय, फांदी मोडी जाई!' सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी आजीनं मला जवळ घेतलं. म्हणाली, सणाचा दिवस, घरात पुरण शिजलेलं, आणि ह्या पोरीनं उपास धरला, केवढं हिचं मन! मला कोणी तसं जवळ घेतलं नव्हतं कधी. दुसऱ्या दिवशीही जेवले नाही."

"भूक नव्हती लागत?"

"लागायची ना. अजून लागते. रोज लागते, महाजनबाई." त्यांनी एक टाचणी माझ्या खांद्यावर लावली. "पण तिला दाबलं की वाटतं, घरात एवढी माणसं, सगळ्यांचं चालतं, माझं एवढं एक चालतं. सोळाव्या वर्षी महिन्याचं बंद झालं. आईला वाटलं, देवीनं सोवळी ठेवली. तिनं नारळ फोडला."

लग्न पिंपळनेरला झालं होतं. मूल होणार नाही हे ठरलं आणि सासरच्यांनी परत पाठवलं. "वाईट नव्हती माणसं. एसटीत बसवताना सासूनं डबा दिला बरोबर. तोही मी कंडक्टरला देऊन टाकला." एवढं बोलून त्यांनी टेप गुंडाळली. "गळा मोठा ठेवू की लहान?"

मी म्हटलं, लहान. दुसरं काय म्हणणार? आयुष्यभर रोज भूक लागलेली बाई आपल्या समोर बसून आपल्याला जेवायला घालते, हे कळल्यावर मला त्यांचा डबा उघडायची भीती वाटायला लागली.

मग रेखा आली. वत्सलाबाईंच्या भावाची मुलगी. भाऊ साक्रीजवळच्या खेड्यात शेती करायचे, तिथे पुढची शाळा नव्हती म्हणून तिला आत्याकडे आणून ठेवलं आणि आमच्या शाळेत आठवीत घातलं. गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी पोर. मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या डब्यात हात घालायची. "बाई, तुमच्या नशिराबादचं भरीत आत्याच्या भरिताला हरवतं का हो?" असं मला वर्गात विचारणारी. तिच्यासाठी वत्सलाबाई काय काय करायच्या! पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांच्या रांधण्याला जागा सापडली.

रेखा दहावीत गेली त्या हिवाळ्यात सगळ्याच मुली स्वेटर घालून यायच्या, त्यामुळे लक्षात आलं नाही. फेब्रुवारी संपत आला. बाकीच्या मुलींचे स्वेटर घरी राहिले. रेखाचा अंगावरच होता. मी तिला फळ्याशी बोलावलं. ती हात उंच करून लिहायला लागली आणि बाही मागे घसरली.

मी खडू टेबलावर ठेवला. तो हात मी आधी पाहिलेला होता. दुसऱ्या बाईचा.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी वत्सलाबाई माझ्याकडे आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "ती माझ्यासारखं करतेय."

मी त्यांना बसवलं. खुर्चीवर उशी ठेवायला विसरले नाही.

"काल तिनं आपली भाकरी गाईला घातली. मी मोरीत होते, तिला वाटलं मी बघत नाही. पोर नुसता गोग्रास काढत नव्हती. आईनं बघितलं. आई खूश आहे! समोरच्या काकू म्हणाल्या, आत्यावर गेली पोर. तिच्या कपाळाला कुंकू लावलं त्यांनी. महाजनबाई, तिच्याही पाया पडतील आता." उन्हातून येऊनही त्यांनी स्वेटर आवळून घेतला. "माझी मला कधी भीती वाटली नाही. मेले तर मेले. पण काल..."

"तिला सांगा मग."

"तुम्ही सांगा. तुमचा धाक आहे तिला."

"माझं काय ऐकेल ती? मी तीन भाकऱ्या खाणारी बाई. सांगायचं तर तुम्हीच सांगायला हवं."

त्यांनी पदराचा सुटलेला दोरा ओढून तोडला. मग म्हणाल्या, "काय सांगू? इतकी वर्षं केलं ते खोटं होतं म्हणून? ते गेलं तर माझ्याजवळ दुसरं आहे काय? नवरा नाही, मूल नाही. गल्ली पाया पडते, तेवढंच आहे. ते गेलं तर मी कोण?"

मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवून गेल्या.

परीक्षा संपल्या, अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणी, झोके आणि खापरावरचे मांडे. मांडे म्हणजे पुरणपोळीच, पण लाटण्यानं होत नाही. कणीक सैल मळायची, पुरण भरलेली पोळी थोडी लाटून दोन्ही हातांवर घ्यायची आणि कोपरापर्यंत झुलवत, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत, तिच्याच वजनानं मोठी होऊ द्यायची. परातीएवढी झाली, पलीकडचं दिसायला लागलं, की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. धुळ्यात मी खूप हातांचे मांडे पाहिले, पण वत्सलाबाईंच्या तोडीचे नाहीत. तेवढ्या एका दिवशी त्या स्वेटर काढायच्या आणि बाह्या वर सारायच्या. बायका पुरण बघायच्या. मी हात बघायचे. दोन बारकी हाडं, वर बारीक लव, आणि त्यांच्यावर ती भली मोठी पोळी झुलायची.

त्या दिवशी अंगणात पाच-सहा जणी होतो. जिजी ओट्यावर. रेखा खापराशी बसून लाकडं सारत होती, स्वेटर घालून. चुलीपुढे, आखाजीला, स्वेटर. तिनं सकाळीच जाहीर केलं होतं की आज तिचा उपास आहे. समोरच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "आत्या तशी भाची."

वत्सलाबाईंनी रेखाकडे बघितलं आणि पुढचा मांडा हातांवर घेतला. डावीकडून उजवीकडे टाकला. झुलवला. आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. त्या पडल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. एका मांड्याच्या वजनानं त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. मांडा अर्धा खापरावर पडला होता, अर्धा त्यांच्या मांडीवर. "जळतोय," त्या म्हणाल्या, "रेखा, काढ तो." मग त्यांचे डोळे फिरले.

रिक्षात मी त्यांना मांडीवर आडवं घेतलं होतं, जिजी आणि रेखा मागच्या रिक्षात. अख्खी बाई मांडीवर, आणि मला ओझं कळत नव्हतं. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणात वाटली नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुंबईहून शिकून आलेल्या. त्यांनी हाताच्या हाडाचा फोटो खिडकीशी धरला आणि विचारलं, "वय काय ह्यांचं?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"असं हाड पंचाहत्तरीच्या म्हातारीचं असतं." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाळी कधी थांबली, जेवण काय, थंडी वाजते का, चक्कर येते का. वत्सलाबाई भिंतीकडे बघून उत्तरं देत होत्या. जिजी मधेच म्हणाल्या, "तिना उपास ऱ्हातस." डॉक्टरीणबाई त्यांच्याशी मऊ बोलल्या, पण बोलल्या स्पष्ट. "आजी, हा उपास नाही. हा आजार आहे, आणि फार जुना आहे. कोवळ्या वयात सुरू झाला. हाडं भरायच्या वयात भरलीच नाहीत, आता ती पूर्ववत व्हायची नाहीत. आहे ते टिकवायचं. हृदयही थकलंय. आणि आता घाबरून एकदम खायला घालू नका. इतक्या वर्षांच्या उपाशी शरीराला एकदम खाणंही झेपत नाही. जिवावर बेततं."

मी कोपऱ्यात उभी होते. उपाशी राहिली तर मरेल आणि खाल्लं तर मरेल. अशा वाटेवर माणूस चालतं तरी कसं?

वत्सलाबाईंनी डावा हात पुढे केला. "तो फोटो द्या." तो त्यांनी रेखापुढे धरला. "बघ. ह्यात देव दिसतो का कुठे ते सांग मला."

रेखा मागे सरकली.

"नीट बघ. मला तर दिसत नाही."

"असं बोलू नको वं वच्छी," जिजी रडायला लागल्या.

"माय, तू गप ऱ्हाय." शाळेतला आवाज गेला होता, माहेरचा आला होता. "देवीनं काही सोवळी ठेवली नव्हती मला. मी उपाशी होते. चौदा वर्षांची होते आणि उपाशी होते. तुम्ही बठ्ठे पाया पडत बसले."

त्यांनी आपल्याजवळ होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं होतं, आणि समोरच्या पोरीच्या चेहऱ्यावर तर काहीच दिसत नव्हतं.

हात प्लॅस्टरमध्ये असताना गल्लीतल्या बायका नारळ घेऊन भेटायला आल्या. वत्सलाबाईंनी पाय आखडून घेतले. "पाया पडू नका. मी आजारी आहे." समोरच्या काकूंना राग आला. "बाईला गर्व झाला," म्हणत त्या नारळ परत घेऊन गेल्या.

घरात नवा नियम झाला. रेखा म्हणाली होती, "आत्या, तू जेवशील तर मी जेवेन." बहुतेक तिला वाटलं असणार की आत्या काही जेवायची नाही. वत्सलाबाई जेवायला लागल्या. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, आधी चमचाभर भात, पेज, मग थोडं वरण. मी जायचे तेव्हा बघायचे. घास हातात घेऊन त्यांच्या कपाळावर घाम यायचा. स्वेटर घालणाऱ्या बाईला घाम! गिळल्यावर त्या ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारायच्या आणि परत येऊन बसायच्या. मधे त्यांचे पाय सुजले. मला वाटलं, आता संपलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पेजेवर आणलं. काही दिवस त्या मागे गेल्या, आणि त्या दिवसांत रेखाही मागे गेली. दोघी एकाच दोरावर चालत होत्या, आणि पुढची घसरली की मागचीही घसरत होती.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याची बदली जळगावला झाली, मीही तिकडची शाळा धरली. वत्सलाबाई त्यानंतर थोडीच वर्षं जगल्या. पन्नाशी त्यांनी पाहिली नाही. एका सकाळी शाळेच्या त्याच जिन्यात, त्याच कठड्याशी हृदय थांबलं. ते मला जळगावला कळलं. पण त्यांना शेवटचं मी पाहिलं ते पुढच्या आखाजीला.

मी मुद्दाम धुळ्याला गेले होते. अंगणात खापर पेटलेलं होतं. ह्या वेळी मांडे रेखा करत होती. बाह्या वर होत्या. हात अजून बारीकच, पण गेल्या वर्षीसारखे नव्हते. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. वत्सलाबाई पाटावर बसून सूचना देत होत्या. स्वेटर होताच. उजवा हात वाकडा जुळला होता. मला बघून त्या हसल्या, आणि पदर तोंडावर धरायला विसरल्या.

"उंच झुलव. अजून. घाबरते काय, फाटला तर फाटला. पुरणच आहे."

मांडा खापरावर पडला, फुगला, निघाला. जिजींनी तो मोडून दोन ताटल्यांत घातला, वर आमरस ओतला आणि दोघींपुढे ठेवला. रेखानं तुकडा तोडला आणि हातात धरून बसली. वत्सलाबाईंनी डाव्या हातानं तुकडा तोडला. समोरच्या ओट्यावरून काकू बघत होत्या.

वत्सलाबाईंनी घास तोंडात घातला. मग रेखानं घातला. दोघी चावत राहिल्या. आत्याची नजर पोरीच्या गळ्यावर होती आणि पोरीची आत्याच्या गळ्यावर. घास खाली जातो की नाही, एवढंच बघत होत्या.

तेवढ्यात गाय आली. ठरल्या वेळी, सवयीनं. दारात उभी राहून तिनं मान आत घातली आणि हंबरली.

रेखाचा हात ताटलीवर थांबला. वत्सलाबाईंचाही थांबला. दोघींनी दाराकडे बघितलं.

कोणी उठलं नाही.